बास्क मुलुखात पायी: वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात बास्क मुलुखातल्या पायी भटकंतीवर लिहिलं आणि त्यावर बरीच पत्रं आली. ज्यांच्या वाचनातून तो लेख सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पिरेनीज पर्वत जिथे बिस्केच्या उपसागराकडे उतरत जातो, तिथे थोडा स्पेनमध्ये आणि थोडा फ्रान्समध्ये हा मुलूख आहे. हिरवे डोंगर, समुद्र, द्राक्षबागा, मेंढ्या, आणि खाण्यापिण्यावर जीव टाकणारी माणसं. आमची शेती दिंडोरी तालुक्यात आणि घर नाशकात. त्यामुळे कुठेही गेलं तरी माझी नजर आधी बागेकडे जाते, मग देवळाकडे किंवा चर्चकडे. उत्तरांमध्ये ते दिसेलच.

आम्ही दोघं निवृत्त, वय ६२ आणि ५८. रोज कृषीनगरच्या ट्रॅकवर तासभर चालतो. ह्यांचा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. तुम्ही लिहिलेल्या किनाऱ्याच्या यात्रामार्गावर दहा दिवसांत किती अंतर होईल? रोज २० किलोमीटर धरू का?
*एक वाचक, गंगापूर रोड*

ताई, २० धरू नका. हा उत्तरेचा यात्रामार्ग सीमेवरच्या इरूनपासून सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंत ८२० किलोमीटरच्या आसपास आहे. तो पुरा करणारे लोक रोज २०-२५ किलोमीटर तोडतात, कारण त्यांना पोहोचायचं असतं. तुम्हाला कुठेही पोहोचायचं नाही. बास्क किनारा नकाशावर साधा दिसतो, पण वाट सतत चढते आणि उतरते. तिथले १० किलोमीटर ट्रॅकवरच्या १० किलोमीटरांसारखे नाहीत. शिवाय दुपारी दीड ते साडेतीन ही तिथली जेवणाची वेळ. रोज २० किलोमीटरच्या मागे लागलात तर नेमक्या त्या वेळी तुम्ही कुठल्या तरी चढावर धापा टाकत असाल आणि रात्री नऊला जेवण मिळेपर्यंत बिस्किटांवर दिवस काढाल. या मुलुखात जाऊन जेवण चुकवायचं म्हणजे काय चुकवलं हे मी कसं सांगू!

माझं म्हणणं असं, की दोन ठिकाणी मुक्काम करा आणि तिथून रोज आठ-दहा किलोमीटर फिरा. पहिला मुक्काम किनाऱ्यावर, झारौट्झ किंवा गेटारियात. दुसरा आत, डोंगरापलीकडे लाग्वार्दियात.

झारौट्झहून गेटारियाला जायला दोन वाटा आहेत. एक समुद्राला चिकटून, सपाट, साधारण चार किलोमीटर. लाटा उसळलेल्या असतील तर अंगावर तुषार येतात. दुसरी वाट जुनी, दगडांनी बांधलेली, वरून द्राक्षबागांमधून जाते. गुडघ्याचं मानून एकदा वरून जा आणि परतताना खालून या. गेटारिया मासेमारांचं गाव. पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पुरी करून १५२२ मध्ये जहाज परत आणणारा हुआन सेबास्तियन एल्कानो इथला. कपड्यांच्या जगात ज्याचं नाव आजही घेतात तो बालेन्सियागाही इथलाच, जन्म १८९५चा, आणि त्याचं संग्रहालय गावातच आहे. गावातलं सान साल्वादोरचं चर्च नक्की बघा. त्याची जमीन चक्क उतरती आहे आणि चर्चच्या खालून बंदराकडे जाणारा बोगद्यासारखा रस्ता जातो.

दुसऱ्या दिवशी गेटारियाहून आस्किझू या चिमुकल्या वस्तीवरून झुमाइयाला उतरा. सहा-सात किलोमीटर होतील. झुमाइयाचा इत्सुरुन किनारा ओहोटीच्या वेळी गाठा, वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. तिथल्या कड्यात दगडाचे थर वहीची पानं उभी धरावीत तसे शेकड्यांनी उभे आहेत. समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ लाखो वर्षांत दगड झाला आणि पुढे जमिनीच्या रेट्याने उभा राहिला. त्या थरांमध्ये एक पातळ, काळसर मातीची रेघ आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर संपले, त्या काळाची ती खूण. आणि आपल्या ब्रह्मगिरीचा, अंजनेरीचा, रामशेजचा काळा दगड ज्या लाव्हारसातून झाला, तो लाव्हाही साधारण त्याच काळात दख्खनभर वाहत होता. डायनासोर संपण्यात त्या लाव्हाचा हात किती आणि आकाशातून पडलेल्या अशनीचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. मी त्या रेघेवर बोट ठेवून उभी होते आणि मनात त्र्यंबकचा डोंगर होता.

झुमाइयापासून पुढे देबापर्यंतची वाट फार देखणी आहे, पण तिचे चढउतार गुडघा तपासणारे आहेत. तिथे एउस्कोत्रेनची छोटी रेल्वे धरा. झारौट्झ, झुमाइया, देबा ही गावं तिने जोडलेली आहेत, त्यामुळे थकलं की गाडीत बसायचं, त्यात कमीपणा नाही. देबा ते मार्किना हा टप्पा मात्र गाळाच. जवळजवळ २४ किलोमीटर रान, चिखल, आणि मध्ये दुकान-खानावळ म्हणावी असं फारसं काही नाही.

तयारी नाशकातच होईल. ट्रॅक सोडा आणि आठवड्यातून दोनदा पांडवलेण्याच्या पायऱ्या चढा, आणि मुख्य म्हणजे उतरा. गुडघ्याला जास्त त्रास उतारावर होतो, चढावर कमी. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी केलीत तर चिखलात पाय कसा टाकायचा तेही कळेल, कारण तिथला चिखल आणि आपला श्रावणातला चिखल यात फार फरक नाही. दोन काठ्या घ्या, एक नको. बॅगा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला गाडीने पोहोचवणाऱ्या सेवा तिथे मिळतात, पाठीवर पाणी आणि रेनकोट एवढंच ठेवा.

आमची सहा एकर बाग आहे, चार एकर थॉमसन आणि दोन एकर वाइनची द्राक्षं. तिकडच्या बागा आपल्यापेक्षा किती वेगळ्या आहेत? शेतकऱ्याने पैसे घालून बघायला जावं असं काही आहे का? आणि बागेचं काम सोडून जायचं कधी?
*एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका*

दादा, तुमचं पत्र आलं आणि घरात अर्धा तास तेवढाच विषय चालला. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. सप्टेंबरच्या मध्यावर निघा. ऑक्टोबरची गोडी छाटणी तुमच्या हातात आहे तोवर तिकडची तोडणी सुरू झालेली असते. किनाऱ्यावर साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि लाग्वार्दियाकडे त्यानंतर, ऑक्टोबरमध्येही. आपण छाटायला कात्री उचलतो तेव्हा ते तोडायला उचलतात.

गेटारियाच्या उतारांवर मांडव आहेत. हो, मांडव! आमच्या ह्यांचा तिथून पाय निघेना. खांब, डोक्याच्या उंचीवर तारा, त्यावर पसरलेल्या काड्या, आणि खाली लोंबणारे घड. फरक कारणात आहे. आपण मांडव करतो तो उन्हापासून घड झाकायला आणि माल भरपूर घ्यायला. ते करतात पावसामुळे. तिथे वर्षाला साधारण १,५०० ते १,६०० मिलीमीटर पाऊस पडतो, आपल्या दिंडोरी-निफाडच्या दुपटीहून जास्त, आणि तो चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही, बारा महिने येत राहतो. पान-घड जमिनीपासून उंच ठेवले की खालून समुद्राचा वारा खेळतो आणि ओल सुकते. डावणी, म्हणजे पानांवरची बुरशी, त्यांच्याही पाचवीला पुजलेली आहे. म्हणून उन्हाळ्यात घडांभोवतीची पानं काढत त्यांची माणसं मांडवाखालून वाकून फिरत असतात. ते काम बघताना भाषा लागत नाही. एका बागेत ह्यांनी एक दाट फुटवा दाखवून बोटांनी कात्री चालवल्याची खूण केली, तर तिथल्या बाईंनी मान हलवून त्याच्या शेजारचा दाखवला. काढायचा तो होता! घडाच्या बाजूने सकाळचं ऊन येत होतं आणि शेजारचा फुटवा नेमका ते अडवत होता. मग दोघं ओळीच्या टोकापर्यंत तसेच बोटं दाखवत गेले. अलीकडच्या काही बागा मात्र मांडव सोडून उभ्या तारांवर गेल्या आहेत.

द्राक्षाचा वाण होंडाराबी झुरी. हिरवा, आंबट, छोट्या घडांचा. त्याची जी पांढरी वाइन होते ती चाकोली. गेटारियाच्या चाकोलीला १९८९ मध्ये अधिकृत प्रदेशनाम मिळालं, शेजारच्या बिस्काइया प्रांताच्या चाकोलीला १९९४ मध्ये, आणि आलावा प्रांताच्या चाकोलीला २००१ मध्ये. त्याआधी ही शेतकऱ्याच्या घरची, गावातच संपणारी वाइन होती.

छाटणी त्यांची एकच, हिवाळ्यात. थंडीने वेल झोपतो, पानं गळतात, आणि वसंतात डोळे आपोआप एकदम फुटतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी, मग ऑक्टोबरची, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावायची मजुरी. हे मी तिथल्या लोकांना सांगितलं तेव्हा त्यांना वर्षातून दोनदा छाटलेला वेल जगतो याचंच नवल वाटलं.

आता डोंगरापलीकडे, रिओहा आलावेसात, म्हणजे लाग्वार्दियाच्या वाइन-प्रदेशात जा. उत्तरेला उभी डोंगररांग ढग अडवते, दक्षिणेला एब्रो नदी. पाऊस कमी, माती चुनखडीची. इथे मांडवाचं नावही नाही. जुन्या बागांत तारसुद्धा नाही, गुडघ्याएवढी बुटकी झाडं, प्रत्येकावर मोजके घड. वाण मुख्यतः तेम्प्रानियो, काळा. आणि ही गोष्ट नीट वाचा: रिओहाच्या नियमाप्रमाणे काळ्या द्राक्षांचं उत्पन्न हेक्टरी ६,५०० किलोच्या वर घ्यायचं नाही. म्हणजे एकरी २६ क्विंटल. आपण खाण्याच्या द्राक्षाला एकरी १०० क्विंटल निघाले नाहीत तर बाग बिघडली म्हणतो. तिथे जास्त माल म्हणजे फिकी वाइन आणि गावाच्या नावाला बट्टा. गावातले छोटे उत्पादक अजूनही अख्खे घड दांड्यासकट टाकीत सोडून कोवळी लाल वाइन करतात, ती त्याच वर्षी प्यायची असते.

तंत्र शिकायला जायचं असेल तर दादा, आपल्या तरुण बागायतदारांना फवारणीचं आणि खताचं जे कळतं त्याने तिकडचे लोकही चकित होतील. बघायला जा ते विक्रीसाठी. द्राक्ष पिकवणारा, वाइन करणारा, आणि ती आपल्या हाताने पाहुण्याला ओतून देणारा एकाच घरातला असतो. चाकोली पितानाचा मासा त्याच बंदरातला असतो. गेटारियात कोळशावर जाळीत धरून भाजलेला टर्बट मासा आणि ग्लासातली चाकोली यांचं एकमेकांपासूनचं अंतर पायी दहा मिनिटांचं आहे, आणि माणसं ते दहा मिनिटांचं अंतर चालायला जगभरातून येतात. नाशिकच्या वाइनलाही भौगोलिक मानांकन आहे. पण वाइन चाखायला आलेल्या पाहुण्याला आपण बागेतून चालवत शेजारच्या गावात जेवायला नेतो का? पनीर टिक्का आणि फ्राईज समोर ठेवतो. मला याचं वाईट वाटतं, आणि ते बदलणं तुमच्या-आमच्या हातात आहे.

मी शाकाहारी, अंडं खाते. सुनेचं अंडंही चालत नाही. मासे आणि डुकराच्या मुलुखात आम्ही काय खायचं? थेपले किती न्यायचे?
*एक वाचक, पंचवटी*

थेपले न्या, पण प्रवासाच्या दिवसांपुरते. उपाशी राहाल असं वाटत नाही, विचारून मात्र खावं लागेल. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर पुष्कळ ठिकाणी हॅमचे तुकडे किंवा टूना येतो, कारण त्यांच्या लेखी ते मांसात मोडत नाही. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगायच्या: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन. मांस नको, मासे नकोत, हॅम नको.

मग काय काय येतं ते ऐका. गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या, अख्ख्या, तेलात परतून वर जाड मीठ. तिखट नसतात, देठाला धरून खायच्या. उन्हाळ्यातला टोमॅटो, नुसता कापून, तेल आणि मिठाबरोबर. त्याला चव म्हणजे काय चव! नाबाराचे पांढरे, जाड शतावरीचे कोंब. शरदात रानातल्या अळंब्या परतून. बटाट्याचं जाड ऑम्लेट तुम्हाला, सुनेला नाही. तोलोसाच्या काळ्या घेवड्याची आमटी हा मोठा आधार: चांगल्या ठिकाणी घेवडा पाणी, तेल आणि कांदा एवढ्यावरच मंद शिजवतात आणि डुकराचे प्रकार वेगळ्या ताटलीत देतात. तरी भांड्यात काही टाकलंय का ते विचारा. पिंचो म्हणजे बारच्या फळीवर मांडलेले छोटे घास. त्यातल्या हिरव्या ऑलिव्ह-मिरचीच्या काडीवर हात टाकण्याआधी थांबा, मधे अँकोव्ही मासा गुंडाळलेला असतो.

जत्रेत किंवा बाजारात तालो दिसला तर तिथेच थांबा. मक्याचं पीठ, मीठ, कोमट पाणी, हातावर थापून लोखंडी तव्यावर भाजलेली भाकरी आहे ती. लोक त्यात सॉसेज गुंडाळतात, तुम्ही नुसत्या चीजबरोबर मागा. मी थापणाऱ्या बाईंचे हात बघत उभी राहिले. त्या भाकरी दोन्ही तळव्यांत फिरवत थापत होत्या, परातीत नाही, आणि कडा फाटली की ओल्या अंगठ्याने सांधत होत्या, अगदी आमच्या आत्याबाई सांधायच्या तशा.

चीजबद्दल मात्र सुनेला आधीच सांगा. इदियाझाबाल हे तिथलं मेंढीच्या कच्च्या दुधाचं नामांकित चीज, किमान दोन महिने मुरवलेलं. ते परंपरेने कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. दुधाचं मामिया नावाचं गोड दही, मधाबरोबर देतात, त्यालाही तेच विरजण असतं. अनेक शाकाहारी मंडळींना हे ठाऊक नसतं आणि नंतर कळलं की जिवाला लागतं. अक्रोड मात्र दोघींना चालतील, शिवाय दुपारच्या ठरलेल्या थाळीत, जी कामाच्या दिवशी साधारण १५ ते २० युरोंत पाव, गोड पदार्थ आणि वाइनसकट मिळते, शेवटी फळं मागता येतात.

आम्हाला वाइनमधलं काही कळत नाही, आणि माझी बायको तर घेतच नाही. तिथे गेल्यावर अवघडल्यासारखं होईल का? येताना बाटल्या आणता येतात का?
*एक वाचक, इंदिरानगर*

तुमच्या पत्नींनी मोस्तो मागावा. न आंबवलेला द्राक्षाचा रस, बर्फ, ऑलिव्ह आणि संत्र्याची चकती घालून, वाइनच्याच थाटात देतात. कुणी वळूनही बघत नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी चाकोली घ्या. बारमधला माणूस बाटली हात वर करून उंच धरतो आणि धार खाली रुंद ग्लासात सोडतो, त्याने आत अडकलेला हलका बुडबुडा सुटतो. दोन बोटं ओततो, जास्त नाही. ती लगेच प्यायची, ठेवून द्यायची नाही. अल्कोहोल ११ टक्क्यांच्या आसपास, चव लिंबासारखी आंबट, किंचित खारट. नाशकात शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनची सवय असेल तर पहिला घोट आंबट लागेल. माशाबरोबर दुसरा घ्या.

लाग्वार्दियात लाल. बाटलीवर क्रियान्सा लिहिलेलं असेल तर ती किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक ओकच्या पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं, ग्रान रेसेर्वा पाच. एवढं कळलं की पुरे, आणि महाग ती चांगलीच असं धरून चालू नका. दुपारच्या जेवणाला साधी क्रियान्सा मला जास्त आवडते. लाग्वार्दिया हे टेकडीवरचं तटबंदीचं गाव पोखरलेलं आहे: घरांच्या खाली जुनी तळघरं, त्यांत वाइन. जमीन खचू नये म्हणून आत गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे गावात निवांत फिरता येतं. तिथून एल्सिएगोपर्यंत बागांमधून सहा-सात किलोमीटर चालत जाता येतं. वाटेत जुन्या बागा, आणि पोहोचल्यावर वास्तुकार फ्रँक गेरीने बांधलेलं, लाटांसारख्या धातूच्या छपराचं हॉटेल, २००६ सालचं. बिलबाओचं गुगेनहाइम संग्रहालय त्याचंच, १९९७चं.

बाटल्या भारतात माणशी २ लिटरपर्यंत शुल्काविना आणता येतात. रेसेर्वा आणा. चाकोली आणू नका, ती ताजीच प्यायची असते आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात कपाटात तिचं पाणी होतं.

मुलगी २६ वर्षांची, एकटीने पायी जायचं म्हणते. आम्हाला काळजी वाटते.
*एक आई, सिडको*

काळजी वाटणारच. पण या मार्गावर एकट्या चालणाऱ्या मुली भरपूर भेटतात. वाट पिवळ्या बाणांनी दाखवलेली आहे, मुक्कामाला यात्रेकरूंच्या धर्मशाळा आहेत. तिथे यात्रेचा परवाना दाखवून शिक्का घेतात आणि काही ठिकाणी संध्याकाळी सगळे एका टेबलावर जेवतात. तिला तीन गोष्टी सांगा: देबा-मार्किना टप्पा पावसात एकटीने करू नको, सोबत धर, मदतीचा क्रमांक ११२, आणि लहान गावांत इंग्रजी चालेलच असं नाही, थोडं स्पॅनिश शिकून जा. मार्किनाच्या पुढे सेनारुझाचा जुना मठ लागतो, तिथले साधू यात्रेकरूंना आसरा देतात. तिथे एक रात्र राहायला सांगा.

मी इतिहास शिकवतो. गेर्निकाला जाऊन पिकासोचं चित्र बघायचं फार मनात आहे.
*एक शिक्षक, नाशिक रोड*

सर, मूळ चित्र माद्रिदला आहे, रेइना सोफिया संग्रहालयात. गेर्निकात भिंतीवर फरश्यांमध्ये केलेली त्याची प्रतिकृती आहे. पण गेर्निकाला जाच. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. स्पेनच्या यादवीत सेनापती फ्रँकोच्या बाजूने आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी हे गाव जाळलं, आणि पिकासोने तेच रंगवलं. सभागृहाशेजारचा ओक मात्र वाचला. या झाडाखाली बास्क प्रतिनिधी जमत आणि राजे येऊन त्यांचे हक्क मानण्याची शपथ घेत. आजचा वृक्ष त्याच वंशातला, २०१५ मध्ये लावलेला. जुन्या झाडाचा वाळलेला बुंधा खांबांच्या छत्रीखाली जपून ठेवला आहे.

सोमवारी जा. बाजार आजही सोमवारीच भरतो. ज्या दिवशी गाव जाळलं त्याच वारी आजही म्हाताऱ्या बायका मिरच्या, घेवडा आणि चीज मांडून बसतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी तर आसपासचा सगळा शेतकरी तिथे उतरतो. मुलांना शिकवताना मी असते तर चित्राआधी हा बाजार सांगितला असता.

चीजचाच बाजार बघायचा असेल तर ओर्दिझियाचा, बुधवारी. तो १५१२ पासून राणीच्या सनदेने भरतो. आणि पाय चांगले असतील तर आरान्साझूच्या मठापासून दीड तास चढून उर्बियाच्या कुरणांवर जा. उन्हाळाभर लांब लोकरीच्या लाचा मेंढ्या तिथे चरतात. पूर्वी मेंढपाळांच्या झोपड्यांना धुराडं नसे, फळीवर ठेवलेल्या चीजला चुलीचा धूर लागे, आणि धुरी दिलेल्या इदियाझाबालची चव तिथून आली म्हणतात. खाली मठाच्या दर्शनी भिंतीवर शिल्पकार ओतेइझाने घडवलेले १४ प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य आहेत. बाराचे चौदा कसे, यावर त्या काळी मोठा वाद झाला होता.

व्हिसा, हवामान आणि फ्रान्सची बाजू, तिन्ही एकदम सांगाल का?
*बऱ्याच वाचकांच्या पत्रांतून*

शेंगेन व्हिसा, एकाच व्हिसावर दोन्ही देश. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करा. निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका, उन्हाळ्यात तारखाच मिळत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. मे-जून आणि सप्टेंबर हे चालण्याचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि लाग्वार्दियात ऊन भाजतं. रिमझिम कधीही येते, छत्रीपेक्षा रेनकोट बरा. जानेवारी ते एप्रिल गेलात तर आस्तिगारागाच्या आसपासची सायडरघरं, म्हणजे सफरचंदाची दारू पाजणारी घरं, उघडी असतात: ‘चोच!’ अशी हाक आली की उठायचं, मोठ्या पिंपाच्या तोटीतून उडणारी सफरचंदाची धार ग्लासात झेलायची आणि परत येऊन कॉड मासा, जाड मांस, शेवटी चीज आणि अक्रोड. चालण्याचे ते दिवस नव्हेत, खाण्याचे आहेत.

फ्रान्सच्या बाजूला एस्पलेट आणि ऐनोआ ही दोन गावं पुरेत. एस्पलेटच्या घरांच्या पांढऱ्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत असतात, आणि तिथला मिरचीचा उत्सव ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याअखेरीला असतो.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. आम्ही चालणार, मुलं चालणार. त्यांना घरी ठेवून जायचं जिवावर येतं. न्यावं का?
*एक सून, पाथर्डी फाटा*

न्या. सान सेबास्तियनमध्ये ला कोन्चा किनाऱ्याला लागून सपाट, रुंद फरसबंदी आहे, बसायला बाकं आहेत, त्या तासन्‌तास समुद्र बघत बसतील. झारौट्झची समुद्राकाठची वाटही सपाट आहे. तुम्ही सकाळी डोंगरातून चाला, एक मोठा माणूस त्यांच्याबरोबर राहू दे. दोघांनी झुमाइयाला रेल्वेने यावं, गेटारियाला बसने किंवा टॅक्सीने, कारण तिथे स्टेशन नाही. दीड-दोनला सगळ्यांनी एका टेबलावर भेटायचं. खानावळीला आदल्या दिवशी माणसं सांगून ठेवा, आणि रविवार असेल तर त्याहून आधी. रविवारी दुपारी आजी-आजोबांसकट अख्खी कुटुंबं तिथे बाहेर जेवायला येतात आणि साडेचारपर्यंत टेबल सोडत नाहीत.